‘पेपर आहेत का?’ : कागजीपुऱ्याच्या वाटेवर एका शब्दाचा शोध

इंग्रजीचे सर रजेवर होते म्हणून मागच्या आठवड्यात आठवीचा त्यांचा तास मला घ्यावा लागला. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इंग्रजी व्याकरणात शिरायचे धाडस केले नाही. फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘पेपर’, आणि मुलांना म्हणालो, घरात किंवा गल्लीत हा शब्द कसा ऐकता ते एकेका वाक्यात सांगा.

हात भराभर वर आले. “सर, गणिताचा पेपर अवघड गेला.” “दादाजान चष्मा लावून पेपर वाचतात.” “अब्बा सुतारकाम करतात, दार घासायला पेपर आणतात.” “जमिनीचे पेपर बँकेत पडलेत.” एकाने सांगितले, “भाई सकाळी पेपर टाकायला जातो.” त्यावर दुसरा म्हणाला, “माझ्या मामूंनी पण कंपनीत पेपर टाकला, आता घरीच आहेत.” वर्ग हसला. एकच क्रियापद, पण एकाची नोकरी पेपर टाकण्याची आणि दुसऱ्याची पेपर टाकल्यामुळे गेलेली.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “अम्मी कहती है, नानी के पेपर ही नहीं हैं.”

या वाक्यावर कोणी हसले नाही. तेरा वर्षांच्या मुलांनाही या ‘पेपर’चा अर्थ सांगावा लागला नाही. फळ्यावर मी तोपर्यंत आठ अर्थ लिहिले होते. नववा लिहिला आणि तास संपला.

घरी आल्यावर तो शब्द डोक्यातून जाईना. एक कारण असे की आम्ही दौलताबादला राहतो. किल्ल्यापासून खुलताबादकडे निघाले की वाटेत कागजीपुरा लागते. गावाचे नावच कागदावरून पडलेले. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या इतरांसाठी कागद बनवला, त्याच्या आसपासच्या घरांत आज ‘पेपर आहेत का’ या प्रश्नाने झोप उडते, हे मला विचित्र वाटते. म्हणून हा शब्द मुळापासून पाहू या.

पपायरस, किर्तास, कागद

इंग्रजी ‘पेपर’ हा ‘पपायरस’ या ग्रीक-लॅटिन शब्दावरून आला. पपायरस म्हणजे नाईल नदीकाठचे लव्हाळे. त्याच्या चिरफळ्या आडव्या-उभ्या रचून, दाबून इजिप्तचे लोक लिहिण्याची पाने करत. तो आजच्या अर्थाने कागद नव्हे. खरा कागद म्हणजे तंतू कुटून, पाण्यात कालवून, चाळणीवर उचललेला पातळ थर. ती विद्या चीनची. इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने ती सम्राटासमोर मांडली असे चिनी इतिहास सांगतो. युरोपात कागद पोचला तेव्हा त्यांनी नवी वस्तू जुन्याच नावाने हाक मारून घरात घेतली.

ग्रीकांकडे पपायरसच्या पानासाठी आणखी एक शब्द होता, ‘खार्तेस’. तो अरबीत ‘किर्तास’ झाला. कुरआनच्या सूरह अनआममध्ये हा शब्द दोनदा येतो, एकदा एकवचनी आणि एकदा अनेकवचनी. तोच ‘खार्तेस’ लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि ‘चार्ट’, ‘चार्टर’ आणि ‘कार्ड’ झाला. म्हणजे आपल्या खिशातले रेशन कार्ड, आधार कार्ड आणि कुरआनातला किर्तास हे एकाच मुळाचे शब्द आहेत. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी आपापसात पाहिले.

आता ‘कागद’. माझे विद्यार्थी समजतात की ‘कागज’ हा उर्दू आणि ‘कागद’ हा मराठी, म्हणजे उर्दूचा बिघडून मराठी झाला. काही मोठी माणसेही तसेच मानतात. पण जुन्या अरबी-फारसीत ‘द’ असलेले ‘कागद’ हे रूप ठळकपणे आढळते. मराठीने ते उच्चारासकट जपले आहे. उर्दूचा शिक्षक म्हणून मला मान्य करावे लागते की इथे मराठीची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली ठरली.

दुकानात आपण ‘एक रीम कागद द्या’ म्हणतो. या ‘रीम’ला आपण इंग्रजी समजतो. तो अरबी ‘रिज्मा’, म्हणजे गठ्ठा. स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी असा फिरून तो पाचशे तावांचा होऊन आपल्याकडे परत आला. रोज सकाळी येणारा पेपर महिनाअखेरीस ज्या नावाने विकला जातो ती ‘रद्दी’ही अरबीच, ‘रद्द’ केलेली. लिंबाची साल पातळ म्हणून ते कागदी लिंबू. आणि शासनाला आपण रागाने म्हणतो की ते कागदी घोडे नाचवते, त्यातही हाच कागद आहे.

समरकंदहून दौलताबादला

शब्दांनी जी वाट धरली तीच वस्तूनेही धरली. इ. स. ७५१ मध्ये तलास नदीवर अरब आणि चिनी फौजांची लढाई झाली आणि तिथे पकडलेल्या चिनी कारागिरांकडून समरकंदला कागदाची विद्या मिळाली, अशी जुनी कथा आहे. कथेचा भाग सोडला तरी समरकंदचा कागद त्यानंतर नावाजला गेला आणि आठवे शतक संपता संपता बगदादमध्ये कागद बनू लागला हे खरे. बगदादला ‘सूक-अल-वर्राकीन’ म्हणजे कागद आणि पुस्तके विकणाऱ्यांचा आख्खा बाजार होता. तिथून ही विद्या उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम स्पेनमध्ये गेली. बाराव्या शतकात स्पेनच्या शातिबाचा कागद प्रसिद्ध होता. इटलीतल्या फाब्रियानोचा त्याच्यानंतरचा.

आपल्या मुलखाकडे येऊ. यादवांच्या काळात हा किल्ला देवगिरी होता. महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, ‘श्रीकरणाधिप’ होता. या पदाचा अर्थ सरकारी दफ्तराचा प्रमुख. मोडी लिपीचा प्रसार त्यानेच केला असे परंपरा मानते. म्हणजे तुघलक येण्याच्या आधीही या डोंगराखाली लेखनाचे एक मोठे खाते चालत होते. ताम्रपट, ताडपत्र आणि शिलालेख ही त्या काळाची टिकाऊ साधने. गुजरातच्या जैन पोथ्यांत कागद दिसू लागला होता, पण दख्खनमध्ये तो अजून रोजच्या वापराची चीज झाला नव्हता.

१३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दुसरी राजधानी केले. नाव दौलताबाद. दिल्लीचे उमराव, उलेमा, सूफी, कारकून आणि कारागीर इकडे आणले गेले. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट एका वेड्या सुलतानाची लहर म्हणून एका परिच्छेदात संपते. पण राजधानी म्हणजे केवळ महाल आणि फौज नव्हे. राजधानी म्हणजे फर्मान, सनद, हिशेब, पगाराच्या याद्या, न्यायनिवाडे. राजधानी आली की कागदाची भूक येते. कागजीपुऱ्याच्या लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज याच काळात आले आणि इथे वसले.

कागद फक्त दरबाराला लागत होता असेही नाही. हजरत निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुरहानुद्दीन गरीब दिल्लीहून इथे आले आणि १३३७ मध्ये खुलताबादला दफन झाले. त्यांच्या बैठकींतली बोलणी रुक्नुद्दीन आणि हम्माद या काशानी बंधूंनी लिहून ठेवली. निजामुद्दीनांची बोलणी ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथात लिहिणारे अमीर हसन सिजजी यांची कबरही खुलताबादलाच आहे. दिल्लीहून निघालेल्या लोकांत इसामीचे घराणेही होते. त्याचे वृद्ध आजोबा वाटेतच वारले. इसामीने पुढे ‘फुतूहुस्सलातीन’ हे फारसी इतिहासकाव्य लिहिले आणि त्यात सुलतानावर मनातला सगळा राग काढला. घरदार सोडायला लावणारा हुकूम कागदावर आला असेल, तर त्याविरुद्धची साक्षही कागदावरच उतरली.

कागद बनतो कसा

आपल्याकडच्या कागजींची जुनी रीत साधारण अशी. जुने दोर, गोणपाट, ताग आणि चिंध्या गोळा करायच्या. चुन्यात भिजवून कुजवायच्या. पायाने चालवायच्या ढेंकीखाली दिवसच्या दिवस कुटायच्या. पाण्यात धुवायच्या, परत कुटायच्या. शेवटी पांढरा लगदा हौदात कालवायचा. कारागीर हौदाच्या काठाशी बसून लाकडी साच्यावर गवताच्या काड्यांची ‘छपरी’ धरतो, पाण्यात बुडवतो आणि वर उचलतो. पाणी गळते, तंतू राहतात. तो ओला ताव दुसऱ्या तावावर पालथा घालायचा. गठ्ठा दगडाखाली दाबायचा. मग एकेक ताव सोडवून भिंतीला चिकटवून वाळवायचा. शाई फुटू नये म्हणून खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. बोरूचे टोक अडखळता कामा नये, एवढी घोटाई.

या सगळ्यात एक गोष्ट मला नेहमी आवडते. राजाचे फर्मान असो की धर्मग्रंथाची प्रत, तिची सुरुवात फाटलेल्या गोणपाटातून आणि कुणाच्या तरी जुन्या कपड्यातून होते.

मराठ्यांच्या कारभारालाही हाच कागद लागला. दौलताबादी कागद आणि जुन्नरी कागद ही त्या काळच्या बाजारातली ओळखीची नावे. पुण्याच्या कसबा पेठेत आजही कागदीपुरा आहे. खानदेशात एरंडोलला कागदाचा धंदा होता. पेशवे दफ्तरातले कागद ज्या कापडात बांधलेले आहेत त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. रुमाल फारसी आणि दफ्तरही फारसी. ‘मसुदा’ हा अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ ‘काळा केलेला’. आधी कागद काळा करायचा तो मसुदा आणि मग पांढऱ्यावर स्वच्छ उतरवायची ती पक्की प्रत. इंग्रजी सरकार ‘व्हाइट पेपर’ काढते, त्याला आपण श्वेतपत्रिका म्हणतो. आमच्या जुन्या कारकुनांकडे काळा-पांढरा हा भेद फार आधीपासून होता.

कागदाच्या कामावरून माणसांना आडनावेही मिळाली. ‘फर्द’ म्हणजे हिशेबाचा ताव, तो लिहिणारा फडणीस. चिठ्ठी लिहिणारा चिटणीस. फारसी लिहिणारा पारसनीस. ही सगळी चांगली मराठी हिंदू घराणी. आणि ताव बनवणारे कागजी किंवा कागदी, ही मुस्लिम घराणी. एका कागदाच्या दोन बाजूंना दोघे उभे होते, एकाने बनवला आणि दुसऱ्याने लिहिला. आपला सामायिक इतिहास कुठे आहे असे कोणी विचारले, तर मी कधी कधी एवढेच उत्तर देतो.

गिरणीचा कागद आला आणि कागजींचे हौद कोरडे पडू लागले. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातकागदाला नव्याने हात दिला. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. त्यामुळे विद्या जगली, पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत. आता हातकागद लग्नपत्रिकांना आणि भेटवस्तूंना वापरतात. सातबारा, दाखला आणि मतदारयादी गिरणीच्या कागदावर छापून येते.

कागदाची किंमत कोण ठरवतो

इंग्रजीत ‘पेपर मनी’ म्हणतात, कागदी पैसा. याही अर्थाचा दौलताबादशी संबंध आहे. चीनमध्ये कुबलाई खानाचा कागदी पैसा चालत होता. इराणमध्ये १२९४ ला तबरेझमध्ये तोच प्रयोग केला गेला आणि फसला. मुहम्मद तुघलकाने १३३० च्या आसपास कागदाऐवजी तांब्या-पितळेचे तुकडे काढले आणि हुकूम दिला की हे चांदीच्या टंक्याइतकेच मानावेत. त्यांतली काही नाणी दौलताबादच्या टांकसाळीत पाडलेली आहेत. कल्पना आजच्या नोटेचीच होती. वस्तूला किंमत नाही, किंमत तिच्यामागे उभ्या असलेल्या शब्दाला.

पुढचे सर्वांना माहीत आहे. बनावट नाणी इतकी पडली की इतिहासकार बरनीच्या वर्णनात घरोघरी टांकसाळी निघाल्या. व्यापार अडला. पण या गोष्टीचा शेवट आपण मुलांना सांगत नाही. सुलतानाने हुकूम मागे घेतला आणि ज्याच्याकडे ते तुकडे असतील त्याने ते खजिन्यात आणावेत, बदल्यात सोने-चांदी घ्यावी असे जाहीर केले. तुकड्यांचे ढीग लागले आणि खजिना रिकामा होत गेला. त्याला वेडा म्हणा, पण आपल्या नावाने निघालेल्या वस्तूचा भुर्दंड त्याने रयतेवर ढकलला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाचायचा पेपर, द्यायचा पेपर

पेपर म्हणजे वर्तमानपत्र, हा अर्थ आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. कोलकात्याचे ‘जाम-ए-जहाँनुमा’ हे उर्दू पत्र १८२२ चे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत होते. दिल्लीच्या ‘देहली उर्दू अखबार’चे मौलवी मुहम्मद बाकर यांना १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर ठार मारले. ‘पेपरात आले आहे’ असे म्हणून आपण आजही एखादी गोष्ट खरी मानतो, त्या विश्वासामागे अशी माणसे आहेत.

परीक्षेचा पेपर हा आमच्या रोजच्या कामाचा. इंग्रजीत प्रश्नपत्रिका वेगळी आणि उत्तरपत्रिका वेगळी. मराठीत दोन्ही पेपरच. शिक्षक पेपर काढतो, मुलगा पेपर देतो, शिक्षक पेपर तपासतो. आणि अलीकडे पेपर ‘फुटतो’. घडा फुटावा तसा. भरती परीक्षेचा पेपर फुटला की वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या मुलाचे काय होते ते मी माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. इथेही प्रश्न तोच की कागदामागच्या माणसाने शब्द पाळला की नाही.

आता त्या मुलीच्या नानीकडे, म्हणजे नवव्या अर्थाकडे येतो.

‘पेपर’ म्हणजे पुरावा

२०२३ च्या सप्टेंबरात शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. निजाम राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे हे कागद उर्दूत, काही मोडीत. दोन सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरसंबंधी शासन निर्णयही निघाला. या काळात मराठवाड्यात एक नवे दृश्य दिसले. जुनी उर्दू वाचू शकणाऱ्या माणसाचा शोध घेत मराठा शेतकरी हिंडू लागले.

आमच्या ओळखीचे एक वयस्क शेतकरी आहेत, आम्ही त्यांना नाना म्हणतो. एका संध्याकाळी ते पत्र्याच्या पेटीतले कागद फडक्यात बांधून घेऊन आले. “गुरुजी, पंजोबाचा कागद आहे. काय लिहिलंय सांगा.”

कागद घडीवर झिजलेला होता. साल १३४० फसली. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १९३० च्या आसपास. लिपी शिकस्ता, म्हणजे ‘मोडलेली’. कारकुनाने घाईत लिहावे तशी, अक्षरे एकमेकांत अडकलेली आणि नुक्ते गाळलेले. मोडी वाचणाऱ्यांना याची कल्पना येईल. मी गावाचे नाव वाचले, सर्व्हे नंबर वाचला, मग त्यांच्या पंजोबांचे नाव वाचले. नानांनी त्या नावावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. त्यांना ती अक्षरे कळत नव्हती, पण ती त्यांच्या घरातली होती.

पुढच्या रकान्यात एक छोटा शब्द होता. सुरुवातीला काफ, मध्ये दोन दाते, शेवटी ये. वर-खाली नुक्ता एकही नाही. उर्दूत असे दाते नुक्त्याशिवाय ‘न’ही होऊ शकतात, ‘ब’ही, ‘त’ही. नाना माझ्या तोंडाकडे पाहत होते. “कुणबी आहे ना गुरुजी? तुम्ही म्हणाल तसं.”

मला ‘हो’ म्हणायचे होते. मी म्हणालो, “नाना, मला जे दिसतं ते सांगतो. तो शब्द असू शकतो. पण नुक्ते कारकुनाने दिलेले नाहीत आणि मी माझ्या मनाने देऊ शकत नाही. कचेरीत अधिकृत भाषांतर करून घ्या, शेजारची पानंही मागा. एखाद्या पानावर त्याच कारकुनाने नुक्ते दिलेले असतील.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग कागद घडी करत म्हणाले, “बरोबर आहे. खोटं टिकत नाही.” चहा घेऊन गेले.

कुरआनची सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, कशाबद्दल आहे हे अनेकांना ठाऊक नसते. ती कागदपत्राबद्दल आहे. देणे-घेणे मुदतीचे असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, लिहायला नकार देऊ नये, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि तो सांगायला असमर्थ असेल तर त्याच्या वतीने त्याच्या माणसाने सांगावा, लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास होऊ नये, असा तिचा आशय आहे. तिच्या केंद्रस्थानी लिहिणारा आणि त्याची जबाबदारी आहे. नाना गेल्यावर मला ती आयत आठवली आणि मी मनात थोडा खूश झालो, की मी नुक्ता घातला नाही.

ती खुशी फार टिकली नाही.

काही महिन्यांनी माझा एक माजी विद्यार्थी आला. त्याचे आजोबा हौदावर बसून कागद उचलायचे. नाव बदलून सांगतो, समजा रियाज. त्याला आखातात नोकरी मिळत होती आणि पासपोर्ट अडला होता. त्याने टेबलावर कागद मांडले. एका ओळखपत्रावर इंग्रजीत नाव ‘झेड’ने संपते. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘जे’ने. मराठीत ‘ज’ हे एकच अक्षर दोन्ही उच्चारांना चालते, इंग्रजी टंकताना कुणीतरी त्यातला एक उचलला. वडिलांच्या नावाची तर गंमतच. आमच्या मराठवाड्यात ‘शेख रियाज शेख बशीर’ असे लिहितात, आडनाव आधी आणि दोनदा. शाळेच्या रजिस्टरमध्ये जागा वाचवायला दुसरा ‘शेख’ आखडून ‘शे.’ केला होता. पुढे छापताना तो ‘शे’ म्हणूनच छापला गेला, जणू तेच वडिलांचे नाव.

“सर, तीन पेपर आहेत आणि तिन्हींत तीन माणसं आहेत,” तो हसत म्हणाला. “मी यातला कोण?”

मी जुने रजिस्टर काढले. नोंद सापडली. ‘शेख रियाज शे. बशीर’. अक्षर माझे होते.

त्या वर्षी जूनमध्ये प्रवेशाची गर्दी होती आणि मी नवा होतो. त्याची आई काउंटरपुढे उभी राहून नाव सांगत होती, मी मान खाली घालून लिहीत होतो. मी तिला परत विचारले नाही. वाचून दाखवले नाही. निजामाच्या कारकुनाने घाईत दोन नुक्ते गाळले म्हणून मी नव्वद वर्षांनी त्याला नावे ठेवत होतो. मी स्वतः एक ‘ख’ गाळला होता.

दुरुस्तीसाठी त्याला काय काय करावे लागले ते पाहा. स्टॅम्प पेपरवर शपथपत्र. पेपरात जाहिरात. राजपत्रात नाव. पेपर सुधारण्यासाठी पेपर, त्याची खबर पेपरात. मुलांनी फळ्यावर सांगितलेले निम्मे अर्थ त्याच्या एका फाइलमध्ये होते. त्यात मजुरीचे दिवस गेले, पैसे गेले आणि ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. नंतर दुसरी मिळाली, तो आता तिकडे आहे. पण ती चार-पाच महिन्यांची धावपळ माझ्या एका टिंबामुळे झाली.

म्हणून मी वर तुघलकाचा मुद्दा लक्षात ठेवायला सांगितला होता. त्याच्या तांब्याच्या तुकड्यांत खोटे मिसळले, तरी त्याने रयतेला सोने-चांदी दिली, कारण तुकड्यावर नाव त्याचे होते. रियाजच्या तिन्ही कागदांवर शिक्का व्यवस्थेचा होता, चूक लिहिणाऱ्यांची होती आणि भुर्दंड त्याने भरला. नानांचेही तेच. कागद सरकारी कारकुनाने लिहिला, सरकारी दफ्तरात राहिला आणि आज तो शोधून सिद्ध करण्याचे ओझे पणतूवर आहे. एक मराठा, एक मुसलमान. दोघांच्या मोर्च्यांचे झेंडे वेगळे असतील, पण रांग एकच आहे.

कागदपत्रे मागूच नयेत असे मी म्हणत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या दुरुस्त कायद्याने नव्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंतचा मुख्य पुरावा केला आहे. म्हणजे पहिली नोंद पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाची झाली. दवाखान्यात मूल जन्मले की नाव सांगणारी आजी, मावशी किंवा बाप घाईत असतो, लिहिणारा त्याहून घाईत. तिथे दोन मिनिटे थांबा. लिहिलेले वाचून घ्या. इंग्रजी अक्षरे एकेक करून सांगा आणि घरातल्या सगळ्या कागदांवर तीच ठेवा. ‘मो.’, ‘शे.’, ‘अ.’ असे आखूड काही लिहू देऊ नका. वाचता येत नसेल तर मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या. आणि आपल्यापैकी जे शिक्षक, कारकून, ग्रामसेवक, मौलवी, काझी आहेत, निकाहनामे आणि दाखले लिहितात, त्यांनी समोरच्याला परत एकदा विचारावे. नकार देऊ नये आणि घाई करू नये.

त्या आठवीच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी विचारले, नानींचे काहीच नाही का? ती म्हणाली, एक जुने रेशन कार्ड आहे, पण त्यावर त्यांचे नाव नाही, फक्त ‘पत्नी’ लिहिले आहे. मी तिला सांगितले, नानींकडे बसून त्यांचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, लग्नाचे साल, त्या ज्या शाळेत गेल्या असतील ती शाळा, सगळे लिहून आण. मग कुठल्या दफ्तरात शोधायचे ते पाहू.

काल ती वहीचे पान घेऊन आली. उर्दूत लिहिले होते, शेजारी मराठीत. नानींचे वडील कागजीपुऱ्याचे होते. शाळेच्या रकान्यापुढे लिहिले होते, ‘दुसरी, उर्दू शाळा, मग सोडली’. दुसरी म्हणजे कुठल्यातरी रजिस्टरमध्ये एक ओळ असणार.

येत्या शनिवारी आम्ही ती शोधायला जाणार आहोत.